मुक्कामी गाडी, वस्तीची गाडी, हॉल्टिंग : तुमच्याकडे काय म्हणतात?

धागाकर्ती :

शब्दचर्चेत टाकतेय पण यातलं निम्मं माझ्या वडलांबद्दल आहे, आधीच सांगते.

प्रश्न साधा आहे. एसटीची जी शेवटची गाडी संध्याकाळी आतल्या गावात जाते, रात्रभर तिथंच उभी राहते आणि पहाटे तीच तालुक्याला परत येते, तिला तुमच्याकडे काय म्हणतात? आमच्या बार्शी भागात मुक्कामी गाडी म्हणतात.

दादा त्या गाडीवर कंडक्टर होते. दादा म्हणजे वडील. आत्या नि काका त्यांना दादा म्हणायचे, आम्ही ऐकून ऐकून तेच उचललं, कुणी बदलायला सांगितलं नाही. १९८० ला एसटीत लागले आणि २०१३ ला रिटायर झाले. मागच्या वर्षी श्रावणात गेले.

आठवड्यातून दोन-तीन रात्री त्यांचा मुक्काम असायचा. संध्याकाळी साडेपाचला घरातून निघायचे, एका हातात कडीचा डबा, काखेत वळकटी, आणि तिकिटांची पत्र्याची पेटी डेपोतून घ्यायची. बालाघाटच्या डोंगराकडच्या एका लहान गावाची गाडी त्यांच्याकडे कितीतरी वर्षं होती. पाराजवळ गाडी लावायची, उन्हाळ्यात ड्रायव्हरकाका टपावर झोपायचे आणि दादा आत मागच्या लांब सीटवर, पेटी डोक्याखाली घेऊन, कारण दिवसाची कॅश पेटीत. ही सवय इतकी मुरली की घरी गादीवर झोपले तरी उजवा हात उशीखाली घातलेला असायचा, रिटायर झाल्यावरसुद्धा, आणि आम्ही उशी नीट करायला गेलो की झोपेतच हाताची पकड घट्ट व्हायची.

सकाळी आठला गाडी बार्शी स्टँडला लागायची. कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन, दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या, आणि दादांबरोबर त्या गावाचं काहीतरी यायचंच. करडईची कोवळी भाजी, कवठं, बोरं, थंडीत हुरडा. हुरडा खाकी शर्टाच्या आत टॉवेलात बांधून पोटाशी धरून आणायचे, म्हणजे घरी येईपर्यंत गार होत नाही असं त्यांचं म्हणणं. तो गारच झालेला असायचा पण टॉवेल उघडला की धुराचा वास यायचा आणि आम्ही तिघं भावंडं दात न घासता तुटून पडायचो.

आता शब्दाकडे येते. आई शेजारी सांगायची, आज ह्यांचा मुक्काम आहे हं. त्यामुळे लहानपणी मला मुक्काम म्हणजे दादा घरात नसणं असंच वाटायचं. चौथीत बाईंनी वाक्यात उपयोग करायला मुक्काम हा शब्द दिला तर मी लिहिलं, "आज आमच्या घरी मुक्काम आहे म्हणून आई पुढच्या खोलीत झोपणार." बाईंनी खाली लाल रेघ मारली आणि विचारलं, घरी पाहुणे आलेत का गं?

मोठी झाल्यावर कोशात बघितलं. उतरायची जागा, थांबणं, तळ, राहणं. बरोबरच आहेत सगळे अर्थ, पण हे जो जाऊन थांबलाय त्याच्या बाजूचे. मागे घरात जे राहतात त्यांच्या बाजूने हा शब्द वापरलेला कुणी ऐकलाय का? की हे फक्त आमच्याच घरात होतं?

---

कुडाळहून :

आमच्याकडे वस्तीची गाडी. मुक्कामी कोणी म्हणत नाही, म्हटलं तर समजतं एवढंच. रात्री राहायला थांबणं म्हणजे वस्तीला राहणं. आजी पाहुण्यांना संध्याकाळ झाली की सोडायचीच नाही, "आता खंय जातास, वस्तीक रवा, फाल्यां जावा."

तुमचं वाचून एक जाणवलं. माझे बाबा प्राथमिक शिक्षक होते, शाळा लांब, तिथंच खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी वस्तीच्या गाडीनं घरी यायचे. म्हणजे जी गाडी तुमच्या दादांना घरातून न्यायची तीच आमच्याकडे बाबांना आणून सोडायची. घाटीच्या वळणावर ड्रायव्हरनं गिअर बदलला की आवाज आमच्या पडवीत ऐकू यायचा आणि आजी आतूनच म्हणायची, इलो. मग तांदळाची भाकरी तव्यावर पडायची. गाडीतून बाबा उतरले की नाही हे कुणी बघितलेलं नसायचं पण भाकरी पडायची.

पावसात एका शनिवारी गाडी आलीच नाही, ओढ्याला पाणी होतं. आजीनं ती भाकरी दुसऱ्या कुणाला खाऊ दिली नाही, झाकून ठेवली. रविवारी दुपारी बाबा चालत आले आणि तीच खाल्ली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. अजून त्या वळणावर कुठली गाडी गिअर बदलते तेव्हा मी हातातलं काम थांबवतो.

जाता जाता, वस्ती आणि वसतिगृह एकाच घरातले शब्द, वस् म्हणजे राहणे. फक्त वसतिगृहात ति पहिला लिहायचा, बाबा पाट्या वाचत चालायचे आणि चुकलेली दिसली की थांबायचे.

---

अमरावतीहून :

आम्ही हॉल्टिंग म्हणतो भाऊ. "हॉल्टिंग गेली का?" असंच विचारतेत आमच्याकडे. शब्द इंग्रजी आहे हे गावात कोणाला वाटतही नाही, आमची आजी पण हॉल्टिंगच म्हणायची.

मी अकरावी-बारावीला अमरावतीत खोली करून होतो. बाबा शेतकरी. मेस परवडत नव्हती असं नाही, पण बाबांना वाटायचं पोराच्या पोटात घरचं अन्न गेलं पाहिजे. म्हणून रोज पहाटे, म्हणजे रोज, थंडी-पाऊस कायबी असो, आईनं चार वाजता उठून केलेला डबा बाबा हॉल्टिंगच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि मी सायकलनं स्टँडवर जाऊन घ्यायचो. डब्याला फडक्याची गाठ बाबांची असायची, दुहेरी, सुटता सुटत नव्हती. आत कधी कधी कागदात वीस रुपये. दोन वर्षांत एकही कंडक्टर मला डबा दिल्याबद्दल काही मागितला नाही. मी एकालाही धड आभार म्हटलं नाही, अठरा वर्षांचं पोरगं, डबा घेतला की सायकल पलटवली. धागाकर्तीच्या वडलांच्या निमित्तानं ते आता म्हणतो.

---

धागाकर्ती :

कुडाळच्या दादांचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. गाडी तीच, एका घरातून नेते आणि दुसऱ्या घरात आणून सोडते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या दादांच्या गाडीतूनही त्या डोंगराकडच्या गावात रोज कुणाचे तरी वडील उतरत असतीलच की.

आणि डब्यांचं अगदी खरं. दादांच्या केबिनजवळच्या सीटखाली सकाळी आठ-दहा डबे असायचे. कोणता डबा कोणाचा हे लिहिलेलं नसायचं, त्यांना फडक्यावरून कळायचं. एकदा एका मुलाचा डबा न्यायला कुणी आलं नाही तर दादा तो घरी घेऊन आले, आईला म्हणाले गरम कर, आणि दुपारी स्वतः सायकलवरून त्याच्या खोलीवर गेले. तो तापाने पडला होता. मग दोन दिवस आमच्याच घरी होता.

दादांचा अजून एक शब्द सांगायचा राहिला. टप्पा. एसटीत ६ किलोमीटरचा एक टप्पा, भाडं त्याच्यावर. दादा घरीसुद्धा सगळं अंतर टप्प्यात सांगायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा पुण्याचं स्थळ म्हणून आई हळवी झाली तर म्हणाले, "पस्तीस टप्पे आहे फक्त, सकाळी बसलं की दुपारी जेवायला." आणि सुट्ट्या पैशांना ते मोड म्हणायचे. मोड आहे का मोड? आता मोड म्हटलं की माझ्या मुलीला मटकी आठवते, पण दादांच्या तोंडी कायम मोडच. गर्दीत मोड नसली की तिकिटामागे बॉलपेननं उरलेले पैसे लिहून द्यायचे आणि उतरताना आठवणीने परत करायचे. वापरलेली तिकिटं गाडी झाडताना निघायची ती आणून आम्हाला खेळायला द्यायचे. पातळ कागद, पंचनं पडलेली बारीक भोकं, उजेडात धरलं की भिंतीवर ठिपके दिसायचे. शेवटची तीन-चार वर्षं मशीन आलं तेव्हा म्हणाले, काम सोपं झालं पण आता नातवंडांना खेळायला काय नेऊ.

---

सांगलीहून :

व्याकरणाच्या अंगानं थोडं. मुक्कामी या एकाच रूपात दोन वेगळे शब्द येऊन बसलेत. "मुक्कामी गाडी" मधलं मुक्कामी हे विशेषण, सरकारी, बाजारी, डोंगरी यांच्यासारखा ई लागलेला. पण "दादा आज मुक्कामी आहेत" यातला ई हा सप्तमीचा, घरी, दारी, शेजारी, माहेरी मधला. जुन्या कागदांत "पुणे मुक्कामी" असं येतं तेही हेच. म्हणजे "दादा घरी आहेत" आणि "दादा मुक्कामी आहेत" ही दोन वाक्यं व्याकरणानं सारखी आहेत, आणि धागाकर्तीच्या घरात ती एकमेकांच्या नेमकी उलट होती. मला हे फार आवडलं.

शब्द मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. हिंदी-उर्दूत मुकाम, आपण क ला क जोडून जड केला. धातूचा अर्थ उभं राहणं. गंमत म्हणजे आपला कायम हा शब्द पण त्याच धातूचा. मुक्काम एका रात्रीचा आणि कायम कायमचा, सख्खे भाऊ आहेत.

---

बीडहून :

मग मुकादम पण त्यातलाच का? आमचे वडील ऊसतोडीला जायचे, सगळं आयुष्य मुकादमाच्या टोळीत गेलं. मला वाटायचं टोळीचा मुक्काम ठरवतो तो मुकादम.

आम्ही मुक्काम म्हणत नव्हतो, तळ म्हणायचो. दिवाळी झाली की गाडी निघायची, कारखान्याच्या तळावर कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. थंडीत पहाटे फडात जायच्या आधी आबा चुलीतला विस्तव घमेल्यात काढून आम्हा पोरांच्या पायाशी ठेवायचे आणि पोत्याचं टोक विस्तवाला लागू नये म्हणून वर दगड ठेवायचे. तेवढं करून मग कोयता घ्यायचे. मी आज शिक्षक आहे, पक्कं घर आहे, तरी थंडीत झोपताना पायाकडं काहीतरी राहिलंय असं वाटतं.

---

सांगलीहून :

नाही, मुकादम वेगळा. तो पुढे असणं या अर्थाच्या धातूपासून, मुकद्दम म्हणजे पुढचा, म्होरक्या. कदम म्हणजे पाऊल, तो शब्द पण तिकडचा. ऐकायला जवळचे वाटतात पण घराणी दोन. आबांचं वाचून मात्र व्याकरण बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिलो.

---

मूळचा चिपळूणचा, सध्या जेद्दाह :

कायम आणि मुक्काम एक असतील तर त्यात इकामा पण धरा. इथं राहायचा जो परवाना असतो तो इकामा, त्याच धातूचा, राहणं. आखातात गेलेल्या प्रत्येक कोकणी घरात हा शब्द लहान पोराला पण माहीत असतो. इकामा झाला का, इकामा संपला का, यावर घरातली लग्नं ठरायची.

माझे अब्बा २२ वर्षं इथं होते. दोन वर्षांतून एकदा घरी यायचे, दोन महिने राहायचे. म्हणजे हिशोब केला तर २२ वर्षांत दोन वर्षं पण घरी नाहीत. धागाकर्तीताई, तुमचा प्रश्न होता की मागे राहिलेल्यांच्या बाजूने शब्द वापरतात का. आमच्याकडे आई इकामा हा शब्द तसाच वापरायची. "अजून एक इकामा," म्हणायची, म्हणजे अजून एक खेप अब्बांशिवाय. तिच्या लेखी तो कागद नव्हताच, ते वर्षं मोजायचं माप होतं.

अब्बा जायच्या आदल्या रात्री आम्हा भावांची नखं कापायचे. दिवसा नाही, रात्रीच, कंदिलाच्या उजेडात, एकेक बोट हातात धरून. आजी ओरडायची रात्री नखं कापू नये म्हणून, ते ऐकायचे नाहीत. का कापायचे ते तेव्हा कळलं नाही. आता मी इथं आहे आणि व्हिडिओ कॉलवर सगळं दिसतं, मुलाचा अभ्यास दिसतो, नवे कपडे दिसतात, पण बोट हातात धरता येत नाही. अब्बा गेले तेव्हा मी इथंच होतो. पोचेपर्यंत दफन झालं होतं.

---

नाशिकहून (वय ७१) :

पत्रातलं मुक्काम कोणीच काढलं नाही म्हणून लिहितो. पत्त्यात मु. पो. म्हणजे मुक्काम पोस्ट, तिथं मुक्काम म्हणजे आपलं कायमचं गाव. पण जुन्या पत्रांत वर उजव्या कोपऱ्यात तारखेच्या आधी जे मु. असायचं ते लिहिणारा त्या दिवशी कुठं आहे ते. म्हणजे एकाच कार्डावर दोन मुक्काम.

आमचे अण्णा मोजणी खात्यात होते. गावोगाव फिरती. पोस्टाचं कार्ड दर आठवड्याला यायचं. वर मु. सटाणा, पुढच्या वेळी मु. कळवण, मु. पेठ, मग चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद, मग पाढे पाठ कर आणि आईला पाणी भरू लाग, संपलं. माया वगैरे शब्द कधी नसायचे. पण माझ्याकडे भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता आणि कार्ड आलं की तो मु. मी पेन्सिलीने नकाशावर शोधायचो. अख्खा नाशिक जिल्हा मला अण्णांच्या मुक्कामांनी पाठ झाला. मी उलट पत्र लिहायचो तेव्हा वर ती. रू. अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार. तीर्थरूप फक्त आईवडलांना, काका-मामांना तीर्थस्वरूप, हा फरक अण्णांनीच शिकवला होता आणि चुकलं तर ते पत्र दुरुस्त करून परत पाठवायचे.

अण्णा १९९४ ला गेले. दिवसांचं कार्ड छापायला देताना छापखानेवाल्यानं विचारलं कै. लावू ना. मी ती. रू. च लावा म्हणालो. तो म्हणाला असं नसतं. मी म्हटलं, असू दे. छापलं तसंच.

---

धागाकर्ती :

काका, कै. चं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. दादांच्या फोटोखाली आम्ही अजून काहीच लिहिलेलं नाही. भावाने पट्टी करून आणली होती, कै. आणि नाव, ती ड्रॉवरमध्येच आहे. कुणी काही बोललं नाही पण लावलीही नाही कुणी.

शेवटचे अठरा दिवस दादा दवाखान्यात होते. आम्ही तिघांनी रात्री वाटून घेतल्या होत्या. संध्याकाळ झाली की दादा डोळे उघडून विचारायचे, "आज मुक्कामी कोण?" रोज. बोलणं कमी झालं तरी हे विचारायचेच. मी असले की म्हणायचे, जेवलीस का, वळकटी आणली का. घरातून चादर नि उशी आणली होती तिला ते वळकटीच म्हणत होते. मी त्या बाकड्यावर झोपायचे आणि रात्री जाग आली तर ते माझ्याकडे बघत असायचे. एका रात्री मला म्हणाले, बॅग डोक्याखाली घे, इथं बरेच लोक येतात जातात. मी पर्स डोक्याखाली घेतली तेव्हा डोळे मिटले.

इतकी वर्षं मुक्काम या शब्दाच्या घराकडच्या बाजूला होते मी. त्या अठरा दिवसांत पहिल्यांदा पलीकडच्या बाजूला गेले, आणि दादा या बाजूला, कोण येतंय याची वाट बघत. शेवटची रात्र भावाची होती.

---

कुडाळहून :

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला वाटतं होय असं आहे. आजी पण वस्ती दोन्ही बाजूंनी वापरायची, आत्ता आठवलं. "आज झिलाची थंय वस्ती," (झील म्हणजे मुलगा) असं म्हणायची आणि ते म्हणताना तोंड दाराकडे असायचं. शब्द तिकडच्या जागेचा पण बघणं इकडच्या दाराकडे. हे कोशात कसं घालणार ते मला ठाऊक नाही.

---

धागाकर्ती :

काल बार्शीला आले होते, आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. पडवीतली भाकरी, नखं, घमेल्यातला विस्तव, सगळं. मध्ये दोनदा उठून आत गेली. जेद्दाहच्या दादांचं तिला परत वाचायला सांगितलं. अमरावतीच्या डब्याचं ऐकून म्हणाली, ते फडकं परत देत होता का पोरगा, का हरवत होता?

मुक्काम, वस्ती, हॉल्टिंग यात तिला फारसा रस नव्हता. सगळं संपल्यावर म्हणाली, वर तू आठ लिहिलंयस ते चूक आहे. पावणेआठ. आठला हे घरात बसून चहा पीत असायचे. दुरुस्त कर.

मूळ धाग्यात आता बदल करता येत नाही म्हणून इथं लिहिते. गाडी पावणेआठला यायची.